प्लेटलेटला कळू न देता

पीएफ-४ मोजायच्या किटच्या डब्यात ९६ खळग्यांची एक प्लेट असते, काही बाटल्या असतात आणि घडी घातलेला एक कागद असतो. नवखा तंत्रज्ञ तो कागद उलगडतो आणि थेट मधल्या भागाकडे वळतो: किती मायक्रोलिटर घालायचे, किती वेळ ठेवायचं, कितीदा धुवायचं. त्याचं चुकत नाही, त्याचं काम तिथेच असतं. पण रसिकाने आधी वाचावा तो वरचा मजकूर, नमुना कसा गोळा करायचा हे सांगणारा. रक्ततपासणीच्या वाङ्मयात इतकं नेमकं आणि इतकं हळुवार लेखन मी दुसरं वाचलेलं नाही. यंत्र, रंग, आलेख हे सगळं नंतरचं. या चाचणीचा जीव त्या मोजक्या ओळींत आहे.

पीएफ-४ म्हणजे प्लेटलेट फॅक्टर ४. प्लेटलेट म्हणजे काय, हे नवी मुंबईत कुणाला समजावून सांगायला नको. पाऊस सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की नेरूळ-कोपरखैरण्याच्या सोसायट्यांत डेंग्यूचे पेशंट निघू लागतात आणि जिन्यात भेटणारा शेजारी तब्येतीच्या आधी काउंट विचारतो. काल चाळीस हजार होत्या, आज पंचावन्न झाल्या, म्हणजे आता चढतायत. या चौकशीत खरी काळजी असते. पण काउंटवरून प्लेटलेट किती आहेत एवढंच कळतं, त्या काय करतायत ते कळत नाही. पीएफ-४ची चाचणी हा दुसरा प्रश्न विचारते.

निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. केंद्रक नाही, आयुष्य सात ते दहा दिवसांचं. पोटात मात्र अल्फा कणिका असतात आणि त्यांत प्रथिनं ठासून भरलेली असतात. रक्तवाहिनीच्या अस्तराला चीर गेली आणि खालचं कोलॅजेन उघडं पडलं, की चपटी, गोल प्लेटलेट हातपाय पसरते, तिथे चिकटते आणि कणिका बाहेर रिकाम्या करते. त्यातून पीएफ-४ बाहेर पडतं. सत्तर अमिनो आम्लांची ही छोटी साखळी. अशा चार साखळ्या एकत्र येतात आणि त्या जुडग्याभोवती धन विद्युतभाराचा एक पट्टाच तयार होतो. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर ऋणभार वागवणाऱ्या हेपरान सल्फेटच्या लांब साखळ्या असतात, त्यांना पीएफ-४ जाऊन बिलगतं. त्याचा हा स्वभाव लक्षात ठेवावा, पुढचं बरंच काही त्यावर उभं आहे. त्याच कणिकांतून दुसरंही एक प्रथिन बाहेर येतं, बीटा-थ्रोम्बोग्लोब्युलिन. घराणं तेच, पण बिलगण्याची ओढ पुष्कळ कमी. ही दोन्ही प्रथिनं एवढ्या प्रमाणात दुसऱ्या कुठल्या पेशीकडे नसतात. म्हणून रक्तद्रवात ती वाढलेली सापडली, तर कुठेतरी प्लेटलेट उघडल्या हे नक्की.

घोटाळा आहे तो 'कुठेतरी' याच शब्दात. शरीरात उघडल्या, की नळीत? प्लेटलेटचं कामच मुळी परक्या स्पर्शाला जागं होण्याचं. सुईचं पोलाद परकं, नळीचं प्लास्टिक परकं, शीर टोचल्यामुळे सांडलेला ऊतीतला द्रव तर उघड धोक्याचा इशारा. रानातलं लाजाळू आपण हात लावायच्या आधी कुणी मिटवलं होतं का, हे शोधायचं आणि शोधताना पान तर हातात घ्यायचं, अशी ही अडचण आहे.

ती किती बिकट आहे ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. रक्त साध्या नळीत गोठू दिलं, तर जवळपास सगळ्या प्लेटलेट उघडतात आणि वर उरलेल्या सीरममध्ये पीएफ-४ एका मिलिलिटरला काही हजार नॅनोग्रॅम भरतं. नीट घेतलेल्या निरोगी रक्ताच्या प्लाझ्मात ते दहाच्याही खाली असतं. हजाराच्या आसपासचा फरक. म्हणजे सुई शिरल्यापासून प्लाझ्मा वेगळा होईपर्यंत हजारातली एक प्लेटलेट जरी उघडली, तरी आकडा दुप्पट होतो. हजारात एक! साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन यांच्यासाठी रक्त घेताना ज्या हालचाली आपण चालवून घेतो, त्यांतली एकही इथे चालत नाही.

आता तो मजकूर सावकाश वाचू. पहिली सूचना: दंडाला पट्टा बांधू नका, बांधलाच तर अगदी सैल आणि शीर सापडताच सोडा. पट्ट्याने रक्त तुंबतं आणि तुंबलेल्या जागी प्लेटलेट अस्वस्थ होतात. दुसरी: सुई पुरेशा जाड छिद्राची घ्या. पेशंटला बारीक सुई सोयीची वाटते, पण बारीक नळीतून रक्त घासत येतं. तिसरी: शीर पहिल्याच टोचण्यात मिळाली पाहिजे. आत सुई फिरवून शोधाशोध केली असेल, तर तो हात सोडा, दुसरा घ्या. चौथी मला सगळ्यात आवडते. पहिले काही मिलिलिटर रक्त या चाचणीसाठी वापरू नका. जखमेचा पहिला संदेश ज्या रक्ताला मिळाला, ते बाजूला जाऊ द्या. त्यातून दुसऱ्या तपासण्या करा हवं तर. मोजायचं ते मागून येणारं रक्त, ज्याच्यापर्यंत सुई आल्याची बातमी फारशी पोहोचलेली नाही.

मग नळी. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं ईडीटीए कॅल्शियम बांधतं, गोठणं थांबवतं, पण नुसत्या त्याने प्लेटलेटचं झिरपणं पुरतं थांबत नाही. हिरव्या झाकणाची नळी तर इथे वर्ज्यच. तिच्यात रक्त गोठू न देणारं हेपॅरिन असतं आणि पीएफ-४ ज्याला सर्वांत घट्ट धरतं ते हेपॅरिनच. इथे लागते ती सीटॅड नावाची नळी: सायट्रेट, थिओफायलिन, अॅडिनोसिन, डायपायरिडमोल. चार औषधांचं हे मिश्रण ज्यांनी जुळवलं त्यांना माझा नमस्कार. सायट्रेट कॅल्शियम अडवतं. अॅडिनोसिन प्लेटलेटच्या दारावर जाऊन तिच्या आत सायक्लिक एएमपी वाढवतं आणि सायक्लिक एएमपी वाढलं की प्लेटलेट शांत राहते. थिओफायलिन ते तयार झालेलं सायक्लिक एएमपी मोडू देत नाही. डायपायरिडमोलही तेच करतं आणि शिवाय आणखी एक काम करतं. अॅडिनोसिन रक्तात काही सेकंदच टिकतं, कारण लाल पेशी ते ओढून घेतात. डायपायरिडमोल ही ओढ बंद करतं. एकाने शांत करायचं, दुसऱ्याने ती शांतता मोडू द्यायची नाही आणि तिसऱ्याने पहिल्याला पळवून नेऊ द्यायचं नाही. निरोगी रक्तवाहिनीचं अस्तर प्रोस्टासायक्लिन सोडून प्लेटलेटच्या आत हेच सायक्लिक एएमपी वाढवत असतं. म्हणजे ही नळी काचेच्या आत रक्तवाहिनीचंच वागणं उभं करू पाहते. मिश्रण उजेडात खराब होतं, म्हणून नळ्या अंधारात ठेवायच्या.

रक्त भरलं की नळी हलक्या हाताने उलटीसुलटी करायची आणि लगेच बर्फाच्या पाण्यात उभी करायची. इथे जाणकार वाचक थबकतो. रक्तपेढीत प्लेटलेटच्या पिशव्या २० ते २४ अंशांवर, सतत डुलवत ठेवतात. थंडीने प्लेटलेटचा आकार बदलतो आणि मग त्या पेशंटच्या अंगात टिकत नाहीत. मग इथे बर्फ कसा? कारण या प्लेटलेट परत कुणाला द्यायच्या नाहीत. त्यांचा आकार बिघडला तर बिघडू दे, पोटातलं बाहेर पडता कामा नये, एवढंच हवं आहे. एकाच पेशीला दोन ठिकाणी दोन परस्परविरुद्ध वागणुकी आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

शेवटची सूचना सेंट्रिफ्यूजनंतरची. थंड सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात, सुमारे अर्धा तास फिरवायचं. प्लाझ्मा वर येतो. पिपेट त्याच्या मध्यात सोडायची आणि फक्त मधला तिसरा हिस्सा घ्यायचा. वरच्या थरात तरंगणाऱ्या प्लेटलेट असू शकतात, खालचा थर पेशींना लागून असतो. ज्याने हे केलंय त्याला माहीत आहे, चांगला पिवळाधमक प्लाझ्मा नळीत सोडून देताना हात कसा अडतो ते. पण काही प्लेटलेट त्यात राहिल्या आणि नमुना उणे ८० अंशांवर गेला, तर गोठून वितळताना त्या फुटतात आणि आतापर्यंतचं सगळं जपणं वाया जातं.

एवढं करूनही शंका उरतेच आणि ही शंका पोटात घेणारी युक्ती हा या विषयातला सर्वांत सुंदर भाग आहे. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९७५ साली एडिंबराच्या लडलम, मूर, बोल्टन, पेपर आणि कॅश यांनी बीटा-थ्रोम्बोग्लोब्युलिन रेडिओइम्युनोअॅसेने मोजून दाखवलं. किरणोत्सारी आयोडीन जोडलेलं प्रथिन आणि पेशंटचं प्रथिन यांना एकाच प्रतिपिंडासाठी झगडायला लावायचं आणि चिकटलेला किरणोत्सार मोजायचा, ही रोझॅलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांची पद्धत. यॅलोंना तिच्यासाठी १९७७ साली नोबेल मिळालं, बर्सन तोवर हयात नव्हते. पीएफ-४ही याच पद्धतीने मोजलं जाऊ लागलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लोक दोन्ही आकडे घेऊन बसले होते आणि एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीशी जुळत नव्हता. १९८१ साली कॅरन कॅप्लन आणि जॉन ओवेन यांनी 'ब्लड' या नियतकालिकात सांगितलं: एकटा आकडा वाचू नका, दोघांची जोडी वाचा.

विचार असा. प्लेटलेटच्या पोटात ही दोन्ही प्रथिनं तुल्यबळ असतात, बीटा-थ्रोम्बोग्लोब्युलिन थोडं जास्त. नळीत प्लेटलेट उघडली तर दोन्ही बाहेर येतात आणि दोन्ही तिथेच राहतात, नळीला ना अस्तर ना मूत्रपिंड. शरीरात उघडली तर गोष्ट वेगळी. पीएफ-४ लगेच रक्तवाहिनीच्या अस्तराला बिलगतं आणि प्रवाहातून दिसेनासं होतं. बीटा-थ्रोम्बोग्लोब्युलिन फिरत राहतं, त्याचं अर्धायुष्य सुमारे शंभर मिनिटांचं, मग मूत्रपिंड त्याचा निकाल लावतं. म्हणून बीटा-थ्रोम्बोग्लोब्युलिन खूप वाढलेलं आणि पीएफ-४ जेमतेम, तर प्लेटलेट शरीरात उघडल्या. दोन्ही खांद्याला खांदा लावून वाढलेली, तर नमुना घेताना चूक झाली, परत रक्त घ्या. एका प्रथिनाचा चिकट स्वभाव ही एरवी मोजणाऱ्याची डोकेदुखी. तोच इथे खरंखोटं ठरवायला वापरला आहे. स्वतःच्या चुकीचा पुरावा स्वतःच हाती देणाऱ्या चाचण्या फार थोड्या आहेत आणि या चाचणीवर माझं मन जडलं ते यामुळे.

या जोडीलाही अपवाद आहेत आणि ते तितकेच वाचनीय. मूत्रपिंड निकामी असलेल्या पेशंटमध्ये बीटा-थ्रोम्बोग्लोब्युलिनचा निचराच होत नाही, ते साचतं, प्लेटलेट स्वस्थ असल्या तरी. हेपॅरिनचं इंजेक्शन दिलं की अस्तराला बिलगलेलं पीएफ-४ ते सोडून हेपॅरिनकडे धावतं आणि रक्तातला आकडा एकदम उसळतो. डायलिसिसच्या खुर्चीवरच्या माणसाला दोन्ही लागू. खारघरच्या अॅक्ट्रेक या कर्करोग केंद्रासारख्या ठिकाणी, जिथे अस्थिमज्जा प्रत्यारोपण होतं आणि काउंट कधी कधी दहा हजारांखाली जातो, तिथे हा आकडा काउंटशेजारी ठेवूनच वाचावा लागेल. प्लेटलेटच मोजक्या असतील, तर त्या सगळ्या उघडूनही प्रथिन कितीसं भरणार?

नवी मुंबईशी या कलेचं नातं आहे ते मोजणीच्या बाजूने. अणुऊर्जा खात्याचं किरणोत्सारी समस्थानिकांचं काम पाहणारं 'ब्रिट', म्हणजे बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी, १९८९ साली उभं राहिलं आणि त्याचं ठाणं वाशीला आहे. टी-३, टी-४, टीएसएच ही थायरॉइडशी निगडित संप्रेरकं मोजायची रेडिओइम्युनोअॅसेची किट देशभरच्या प्रयोगशाळांना इथून गेली. याच परंपरेत, अणुऊर्जा खात्यात काम केलेल्या ए. वेलुमणी यांनी थायरोकेअर काढली आणि तुर्भ्याच्या एमआयडीसीत असं केंद्र वाढवलं, जिथे देशभरचे नमुने विमानाने येऊन एका जागी मोजले जाऊ लागले. ही मोठी गोष्ट आहे. तालुक्याच्या गावच्या बाईला मुंबईच्या दर्जाची थायरॉइड तपासणी परवडू लागली ती यातून. पण हे शक्य झालं, कारण थायरॉइडचं संप्रेरक सीरममध्ये निवांत बसून प्रवास करतं. पीएफ-४च्या रक्ताला तसा धीर नाही. सकाळी सातला सीवूड्सच्या घरून रक्त घेऊन स्कूटरवरच्या डब्यातून ठाणे-बेलापूर रस्त्याच्या खड्ड्यांतून आणलेली नळी या चाचणीच्या कामाची नाही. मोठ्या रुग्णालयांतल्या हवेच्या दाबाने नळ्या पळवणाऱ्या पाइपांतूनही ती पाठवू नये. सेंट्रिफ्यूज पेशंटपासून चालत जाण्याच्या अंतरावर हवं. मोजायचं यंत्र लांब असलं तरी चालेल. प्लाझ्मा एकदा नीट वेगळा होऊन गोठला, की मग तोही विमानाने जाऊ शकतो.

आज किरणोत्साराची जागा एलायझाने घेतली आहे. खळग्याच्या तळाशी एक प्रतिपिंड, त्याने धरलेलं पीएफ-४, वरून दुसरं प्रतिपिंड आणि त्याला जोडलेलं विकर. रंगद्रव्य घातलं की निळाई चढते, आम्ल घातलं की ती पिवळी होते आणि ४५० नॅनोमीटरवर वाचली जाते. ही पद्धत तुम्हाला शंभर ठिकाणी भेटेल, तिच्यावर रेंगाळत नाही. एवढंच सांगतो की निळ्याचं पिवळं होताना प्लेट उजेडाकडे धरून पाहिली तर यंत्राच्या आधी डोळ्याला चढण कळते.

शरीरातले इतर द्रव मात्र रेंगाळण्यासारखे. संधिवाताच्या गुडघ्यातून काढलेल्या पाण्यात प्लेटलेटचे सूक्ष्म तुकडे असतात, हे २०१० साली बोस्टनच्या एरिक बोइलार आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं. तेव्हापासून त्या पाण्याकडे बघण्याची नजर बदलली. पण ते पाणी हायल्युरोनिक आम्लामुळे चिकट असतं, पिपेटमध्ये नीट चढत नाही, आणि हायल्युरोनिक आम्ल ऋणभारित असल्यामुळे पीएफ-४ तिथेही बिलगलेलं असण्याची शक्यता. म्हणून आधी हायल्युरोनिडेज विकराने ते पातळ करतात. पाठीच्या मण्यातून काढलेल्या पाण्यात उलटं संकट: सुईबरोबर रक्ताचा एक थेंब आला तरी त्याचंच पीएफ-४ मोजलं जातं. तिथे लाल पेशी मोजून ठेवल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नये. फुप्फुस धुऊन काढलेल्या पाण्यात ते किती पातळ झालं हा प्रश्न, लघवीत मूत्रपिंडाने आधी किती मोडून टाकलं हा प्रश्न. प्रत्येक नव्या द्रवासाठी जाणकार एक साधी परीक्षा घेतो: ठाऊक असलेलं पीएफ-४ त्यात मुद्दाम मिसळायचं आणि परत किती सापडतं ते पाहायचं. शंभर घालून साठच सापडले, तर उरलेले चाळीस त्या द्रवाने दडवले. ही परीक्षा न घेता छापलेला आकडा मी वाचत नाही.

हीच प्लेट उलटी करून वापरली, की आणखी एक दालन उघडतं. तळाशी पीएफ-४ लावायचं आणि पेशंटच्या रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं आहेत का, ते पाहायचं. हेपॅरिन घेणाऱ्या काही पेशंटमध्ये प्लेटलेट घटतात आणि त्याच वेळी गुठळ्या होतात. तिथे प्रतिपिंडांचं लक्ष्य पीएफ-४ आणि हेपॅरिनचं जोडपं आहे, हे १९९२ साली फ्रान्समधल्या जाँ आमिराल यांच्या गटाने ओळखलं. २०२१च्या वसंतात युरोपात अॅस्ट्राझेनेकाच्या लशीनंतर क्वचित, पण गंभीर, अशीच लक्षणं दिसली. तीच लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने कोविशील्ड या नावाने बनवली. हेपॅरिन न घेतलेल्या त्या पेशंटांत पीएफ-४ विरुद्धची प्रतिपिंडं सापडली, आणि ती प्रथिनाच्या नेमक्या त्या जागी बसत होती जिथे एरवी हेपॅरिन बसतं. झटपट निकाल देणाऱ्या यंत्रांवर ती बरेचदा निसटली. खळग्यांच्या सावकाश प्लेटवर ठळक दिसली. घाईच्या त्या महिन्यांत जुनी, हाताने धुवायची पद्धत कामी आली याचा मला आनंद आहे.

आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये तर पीएफ-४ वर्तमानपत्रांत झळकलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या सॉल विल्येदा आणि डीना डूबल यांच्या प्रयोगशाळा आणि क्वीन्सलँडच्या तारा वॉकर यांचा गट, तिघांनी तीन वाटांनी, तरुण उंदरांच्या रक्तातून, क्लोथो या प्रथिनातून आणि व्यायामातून, म्हाताऱ्या उंदरांची बुद्धी तल्लख करणारा घटक शोधला, आणि तिन्ही वाटा पीएफ-४ पाशी आल्या. उंदरांवरून माणसाकडे येण्याची वाट लांब आहे. पण उद्या कुणी 'तुमचं पीएफ-४ किती?' असं पॅकेज विकायला काढलं, तर सामान्य माणसाने विचारायचे प्रश्न आता ठरलेले आहेत: रक्त कुठल्या नळीत, पट्टा किती वेळ, बर्फ होता का, जोडीला बीटा-थ्रोम्बोग्लोब्युलिन मोजलं का?

दवाखान्याच्या रोजच्या यादीत ही चाचणी रुळली नाही. ऐंशीच्या दशकात हृदयविकार, मधुमेह, पायातल्या गुठळ्या, सगळीकडे ती लावून झाली. पुढे उघडलेल्या प्लेटलेटच्या अंगावरचं पी-सिलेक्टिन हे प्रथिन फ्लो सायटोमीटरवर पाहणं सोयीचं ठरलं आणि ही मागे पडली. कारण म्हणून तिच्या नाजूकपणावर बोट ठेवतात. मला ते अर्धंच पटतं. आपल्याकडे रक्त घेणारा माणूस हा प्रयोगशाळेतला सर्वांत कमी पगाराचा, सर्वांत घाईत ठेवलेला माणूस असतो. सकाळच्या दोन तासांत त्याच्याकडून जितक्या नळ्या भरून घेता येतील तितक्या घ्यायच्या, हा हिशेब. या चाचणीत निकाल त्याच्या हातात असतो, यंत्रावर बसणाऱ्याच्या नाही. तेव्हा जिथे ती होते, तिथे रिपोर्टवर सही करणाऱ्या डॉक्टरच्या वर रक्त घेणाऱ्याचं नाव छापावं, टोचण्याची वेळ छापावी आणि शीर पहिल्याच प्रयत्नात मिळाली की नाही तेही छापावं. निदान या एका चाचणीपुरती तरी ती माहिती आकड्याइतकीच महत्त्वाची आहे.